वाचवायचे दात इंडियाचे, उपटायचे दात भारताचे



बाजारात बैल घ्यायचा तर आपण आधी त्याचे तोंड उघडून बघतो. आदत आहे, दोनदाती आहे, चारदाती आहे की जुळलेला, त्यावर किंमत ठरते. ज्याचे दात गेले त्याचे खाणे गेले आणि ज्याचे खाणे गेले त्याची ताकद गेली, हे कुणब्याच्या पोराला शाळेत घालण्याआधी कळते. तोच कुणबी स्वतःच्या तोंडात मात्र बघत नाही. बघून करणार काय, हा त्याचा प्रश्न आहे, आणि तो खोटा नाही. अंकात हा विषय घ्यायचे ठरले तेव्हा आमच्यातल्याच काही जुन्या कार्यकर्त्यांनी नाक मुरडले. कांदा मातीमोल चालला आहे आणि तुम्ही दाढा कसल्या काढता, असे ते म्हणाले. आमचे म्हणणे असे की कांद्याचा भाव आणि दाढेचा ठणका एकाच खतावणीत मांडलेले आहेत. पान उलटून बघायला हवे, एवढेच.

किडलेल्या दाढेवर दोन उपाय आहेत. पहिला, कीड कोरून सिमेंट भरायचे. कीड नसेपर्यंत पोचली असेल तर रूट कॅनॉल करून वर टोपी बसवायची. दाढ वाचते आणि पुढे वर्षानुवर्षे भाकरी चावते. दुसरा उपाय म्हणजे दाढ उपटून टाकायची. पहिल्या उपायाला आमच्या तालुक्याच्या गावी आज पाच-सहा हजार रुपये पडतात, तीन-चार खेपा होतात आणि तेवढे दिवस मजुरी बुडते. दुसरा उपाय काही शे रुपयांत, सरकारी दवाखान्यात जमले तर फुकटात, एका खेपेत उरकतो. शेतकरी कोणता उपाय घेतो हे सांगायला पंडित नको. गावातल्या पन्नाशीच्या कोणत्याही दहा माणसांना तोंड उघडायला सांगा. शहरातल्या त्याच वयाच्या, महिन्याला पगार घेणाऱ्या दहा माणसांच्या तोंडाशी ताडून बघा. एकीकडे सिमेंट आणि टोप्या दिसतील, दुसरीकडे खिंडारे. शरद जोशींनी इंडिया आणि भारत अशी मांडणी केली तेव्हा ती समजावून द्यायला आम्हाला आकडेवारीची बाडे लागत. तोंड उघडले की ती मांडणी नुसत्या डोळ्यांनी दिसते.

आता ते पाच-सहा हजार रुपये पिकात मोजू. सोयाबीनची २०२५-२६ च्या हंगामाची हमी किंमत क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाली. म्हणजे जाहीर झालेला भाव पुरता पदरात पडला, तरी एका दाढेला एक क्विंटल सोयाबीन. प्रत्यक्ष बाजारात शेतकऱ्याने त्याखालीच विकले, हे ज्यांनी विकले त्यांना सांगायची गरज नाही. कोरडवाहू एकरात पाच-सहा क्विंटल पिकते. त्यातून बियाणे, खत, फवारणी, काढणी आणि मळणी वजा करा. जे उरते त्यात घरातल्या किती दाढा बसतात? एकीचीही बसत नाही. म्हणून दाढ ठणकली की आधी लवंग धरायची, मग मेडिकलवाल्याकडून ठणक्याची गोळी आणायची, मग दुसरी गोळी, मग गालाला सूज, मग माल विकून आल्यावर बघू. माल विकून येईपर्यंत दाढ वाचवण्यासारखी राहत नाही. कधी तर पू जबड्याखालून गळ्यात उतरतो, श्वास कोंडतो आणि माणूस दगावतो. दाढेने माणूस मरत नाही असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, अशी म्हण आहे. आमच्याकडे चणे पिकवणाऱ्यालाच दात नाहीत, ही नवी तऱ्हा.

यावर सरकार काय करते ते बघू. प्रथम सरकार आपल्या माणसांसाठी काय करते ते. केंद्र सरकारच्या नोकरदारांसाठी सी.जी.एच.एस. नावाची आरोग्य योजना आहे. तिच्या दरपत्रकात दात काढण्याचा दर आहे, सिमेंट भरण्याचा आहे आणि रूट कॅनॉलचाही आहे. निवृत्त झाल्यावरही ही सोय सुटत नाही. आम्हाला त्या कारकुनाच्या दाढेचा हेवा नाही, त्याचीही दाढ दुखतेच. पण त्याची दाढ ज्या तिजोरीतून वाचते तीत आमचाही पैसा आहे. टूथपेस्ट आणि ब्रशवर २०१७ पासून सप्टेंबर २०२५ पर्यंत १८ टक्के जी.एस.टी. होता, आता तो ५ टक्क्यांवर आणला आहे. आठ वर्षे आम्ही दात घासण्यासाठी कर भरला. तो कर भरणाऱ्या शेतकऱ्याला त्याच तिजोरीतून काय मिळते?

मिळते ते असे. महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने राज्याची जनआरोग्य योजना आहे. २०१२ साली ती दुसऱ्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१७ मध्ये तिला फुल्यांचे नाव दिले आणि २०२३ मध्ये सरसकट सगळ्या कुटुंबांना पाच लाखांपर्यंत उपचार देण्याचा निर्णय झाला. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०१८ ची. दोन्ही योजना दवाखान्यात भरती झालेल्या माणसासाठी आहेत. ज्याला खाट लागत नाही त्याला योजना लागत नाही, असा हा न्याय आहे. दाढेत सिमेंट भरायला खाट लागत नाही, रूट कॅनॉलला लागत नाही, म्हणून ते योजनेच्या बाहेर. तंबाखूने तोंडात चट्टा पडला, तो वेळीच कोणी बघितला नाही, त्याचा कॅन्सर झाला आणि जबडा कापून काढायची वेळ आली, की मग योजना धावत येते. म्हणजे मायबाप सरकार शेतकऱ्याची दाढ वाचवायला पाच हजार देणार नाही, जबडा कापायला लाखो देईल. फुल्यांचे नाव लावताना कोणाला तरी लाज वाटायला हवी होती. जबडा कापण्याचा खर्च देऊ नका असे आमचे म्हणणे नाही, तो द्यावाच लागेल. पण चट्टा लहान असताना तोंडात डोकावणारा माणूस तालुक्यात नाही, त्याचे काय?

तालुक्यात नाही असे म्हटले की अधिकारी मानकांचे पुस्तक काढतात. त्या पुस्तकाप्रमाणे तीस हजार लोकवस्तीला प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथे दाताचा डॉक्टर नाही. एक लाख वीस हजार लोकवस्तीला तीस खाटांचे ग्रामीण रुग्णालय; तिथे एक दंतशल्यचिकित्सक असावा. हे मानक शंभर टक्के पाळले असे धरू आणि अंकगणित करू. वर्षाचे कामाचे दिवस तीनशे. प्रत्येक माणसाचे तोंड वर्षातून एकदा नुसते बघायचे म्हटले तर त्या एका डॉक्टरला रोज चारशे तोंडे बघावी लागतील. भरणे, काढणे दूरच राहिले, चारशे वेळा ‘आ करा’ म्हणण्यातच त्याची दातखिळी बसेल. हे मानक ज्यांनी लिहिले त्यांनी गुणाकार-भागाकार केला नसेल असे नाही. ग्रामीण माणसाच्या दाताशी आपला संबंध उपटण्यापुरता, हे त्यांनी आधीच गृहीत धरले होते.

आणि हे सगळे मानक पाळले गेले तर. आमच्या कार्यकर्त्यांनी ज्या ग्रामीण रुग्णालयांत जाऊन पाहिले, तिथली तऱ्हा वेगवेगळी होती. एका ठिकाणी डॉक्टर होता, खुर्ची बिघडलेली. दुसऱ्या ठिकाणी खुर्ची धड होती, पण डॉक्टरची जागा भरलेली नव्हती आणि खुर्चीवर रजिस्टरांचे गठ्ठे होते. तिसऱ्या ठिकाणी दोन्ही होते, भरायचे सिमेंट संपले होते. डॉक्टर बिचारा भला, तो म्हणाला, ‘काढून देतो, भरून देता येत नाही.’ १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत सगळे उपचार मोफत झाले आहेत. जे मिळतच नाही ते मोफत करायला सरकारचे काय जाते? बाईला एस.टी.त २०२३ पासून अर्धे तिकीट झाले. अर्ध्या तिकिटात ती तालुक्याला जाते, दाढ उपटून पुन्हा अर्ध्या तिकिटात परत येते.

म्हाताऱ्यांसाठी २०१७ पासून केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. काठी, चष्मा, कानाचे यंत्र यांच्यासोबत तीत दातांची कवळीही आहे. काठी मोळीतून काढून वाटता येते. कवळी प्रत्येकाच्या हिरडीचे माप घेऊन बनवावी लागते, दोन-तीनदा बसवून घासावी लागते, नाहीतर टोचते आणि मग ती डब्यात पडून राहते. पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या शिबिरात हे काम व्हायचे नाही. आमच्या आया अजून भाकरी कुस्करून, कालवणात भिजवून, चावायचे नाटक करून गिळतात. शेंगदाणा, हरभरा, गाजर, पेरू त्यांच्या ताटातून गेले आहेत. हे सगळे त्यांनीच पिकवलेले.

आता शहाण्यांचा आक्षेप. शेतकरी अडाणी आहे, ब्रश करत नाही, तंबाखू खातो, मिश्री लावतो, मग दात पडणार नाहीत तर काय? यात खरे किती ते मान्य केले पाहिजे, कारण लपवून आपलेच नुकसान. २०१६-१७ च्या तंबाखूविषयक राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या दर चार प्रौढांमागे साधारण एक जण न ओढता खायची-लावायची तंबाखू वापरताना आढळला. मिश्री हा दात घासायचा पदार्थ नव्हे, ती भाजलेली तंबाखू आहे, आणि ती लावणाऱ्यांत बायका पुष्कळ आहेत. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि तो कुठल्या टपरीवर मिळतो हे शाळेतल्या पोराला माहीत आहे. बार्शीला १९८७ पासून ग्रामीण भागातल्या कॅन्सरच्या नोंदी ठेवल्या जातात, देशातली तशी ती पहिली नोंदणी. खेड्यातल्या माणसाच्या तोंडाला, घशाला काय होते हे समजायला सरकारला आज नव्याने समिती नेमायची गरज नाही. पण ऊसतोडीला गेलेली बाई पहाटे उठून तोंडात मिश्री का धरते? दाताच्या ठणक्याला बधिरपणा येतो, भूक मरते आणि कोयता थांबत नाही म्हणून. तिला व्यसनमुक्तीचे पोस्टर दाखवणे सोपे आहे. तिच्या दाढेचा ठणका थांबवा, मग मिश्री सोडायला सांगायला तोंड राहील.

साखरेचेही तसेच. दात किडवणारी गोष्ट साखर, हे शास्त्र आहे. आम्ही ऊस पिकवतो म्हणून ते नाकारणार नाही. साखर विकली गेली पाहिजे हा आमचा धंदा. पोराच्या तोंडात दिवसभर बिस्किट असावे हा आमचा धंदा नव्हे. फडावर आईबापांच्या मागे गेलेल्या पोराला दुपारी पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा मिळतो, कारण चूल संध्याकाळी पेटते. त्या पोराच्या दुधाच्या दाढा काळ्या पडतात. पुड्यावर कमावणारा वेगळा आणि दाढ सोसणारा वेगळा, एवढे तरी बोलले पाहिजे.

आणि जिथे शेतकऱ्याचा काडीचा दोष नाही, तिथे काय? यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत कितीतरी गावांच्या विंधनविहिरींच्या पाण्यात फ्लोराइड आहे. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेले की ते पिण्यालायक नाही. बालपणी, हिरडीत पक्के दात तयार होत असताना असे पाणी पोटात गेले तर दात खडूसारखे पांढरट, मग पिवळे, तपकिरी पडतात, आणि घासून ते डाग जात नाहीत. पुढे हाडेही आखडतात. १९७२ च्या दुष्काळानंतर गावोगाव विंधनविहिरी घेतल्या त्या सरकारने. पाणी लागले की हापसा बसवून मोकळे झाले, त्या पाण्यात काय आहे ते बघणे मागाहून. अशा गावातली मुलगी हसताना तोंडावर पदर धरते आणि तिला बघायला आलेला पाहुणा गावाचे नाव ऐकून परत फिरतो. तिने ब्रश केला नाही असे तिला कोण सांगणार आहे?

बरे, देशात दाताचे डॉक्टर कमी आहेत काय? तसेही नाही. देशात तीनशेवर दंत महाविद्यालये आहेत आणि दरवर्षी पंचवीस हजारांवर जागा भरायला निघतात. महाराष्ट्रात १९८३ नंतर विनाअनुदानित महाविद्यालयांचे पीक आले. त्यांतल्या कित्येकांचे मालक आमच्याच उसावर आणि आमच्याच मतांवर मोठे झालेले सहकारमहर्षी. कारखान्यात काटा मारून जे जमवले त्यातून पोरांना डॉक्टर करण्याची दुकाने निघाली. त्या दुकानांची आजची अवस्था काय? २०२०-२१ साली देशात दंतवैद्यकाच्या सात हजारांवर जागा रिकाम्या राहिल्या आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला प्रवेशाची अट दहा पर्सेंटाइलने खाली आणायला सांगावे लागले. म्हणजे इकडे वर्ग ओस, तिकडे गाव ठणकते.

यात दाताच्या डॉक्टरला शिव्या देण्यात आम्हाला रस नाही. कर्ज काढून लाखोंची फी भरलेला पोरगा खुर्ची, कंप्रेसर, एक्स-रे यांना आणखी लाखो घालणार आणि तालुक्याच्या गावात बसणार. वीज दिवसातून दोनदा जाणार, गिऱ्हाईक सुगीनंतर दोन महिने येणार, तेही दाढ उपटायला. मग तो पुण्याच्या गल्लीत जातो, तिथे आधीच चार पाट्या आहेत, तिथे पाचवी लावतो. जिथे गिऱ्हाईकाच्या खिशात पैसा नाही तिथे दुकान कोण मांडील? सक्तीने त्याला खेड्यात डांबून दाढा भरल्या जाणार नाहीत. सक्तीच्या लेव्हीने शेतकऱ्याचे जे केले तेच डॉक्टरचे होईल. शेतमालाला रास्त भाव मिळाला की तालुक्याच्या गावात दाताच्या डॉक्टरच्या पाट्या आपोआप लागतील. हा विषय घामाच्या दामापासून वेगळा नाही म्हणतो तो यासाठी.

पण भाव मिळेपर्यंत दाढ थांबत नाही. म्हणून सरकारला आज काय करता येण्यासारखे आहे तेही सांगितले पाहिजे, नाहीतर विजेचे, यंत्राचे आणि पैशाचे रडगाणे पुन्हा ऐकावे लागेल. १९८० च्या दशकात आफ्रिकेतल्या टांझानियात एक पद्धत बसवली गेली: हातातल्या छोट्या अवजाराने कीड खरवडायची आणि ग्लास आयनोमर नावाचे सिमेंट दाबून भरायचे. वीज नको, ड्रिल नको, बहुतेक वेळा भुलीची सुईही नको. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली ती उचलून धरली. तेच सिमेंट आणि कीड जागच्या जागी थांबवणारे चांदीचे औषध २०२१ मध्ये त्या संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत आले. शाळेच्या ओट्यावर, झाडाखाली, ऊसतोडीच्या अड्ड्यावर हे काम होऊ शकते. दात साफ करणाऱ्या हायजिनिस्ट नावाच्या प्रशिक्षित माणसाला आपल्या १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने मान्यता दिली. त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात बसवायला कोणाची आडकाठी होती? राष्ट्रीय मुखआरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून कागदावर चालू आहे. त्याआधी, २००२-०३ साली दंत परिषदेने केलेल्या देशव्यापी पाहणीत ३५ ते ४४ वयाच्या दर पाच माणसांमागे चौघांचे दात किडलेले निघाले होते. एवढा मोठा रोग, एवढा स्वस्त उपाय, आणि मधे एवढी मोठी सुस्ती. हाच रोग सोयाबीनला झाला असता तर फवारणीचा सल्ला देणारी पत्रके तरी वाटली असती.

आमचे मागणे भिकेचे नाही. सी.जी.एच.एस.च्या दरपत्रकात जे नोकरदाराच्या दाढेला आहे, तेच फुल्यांच्या नावाच्या योजनेत शेतकऱ्याच्या आणि शेतमजुराच्या दाढेला हवे, खाटेची अट न घालता. ग्रामीण रुग्णालयात सिमेंट संपले असेल तर ते आणण्याची जबाबदारी जिल्हा शल्यचिकित्सकाची आहे आणि ती त्याने लेखी घ्यावी.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक तालुका शाखेने आपल्या ग्रामीण रुग्णालयाची माहिती घेऊन यावे. दंतशल्यचिकित्सकाचे पद मंजूर आहे काय, भरलेले आहे काय, खुर्ची चालू आहे काय, गेल्या वर्षभरात किती दाढा काढल्या आणि किती भरल्या. शेवटचे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहावेत. तोंडी विचारून मिळाले नाहीत तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करावा. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो, दारिद्र्यरेषेखालच्या कार्डधारकाला तोही लागत नाही. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. फ्लोराइडच्या गावांनी पाण्याच्या तपासणीचा शेवटचा दाखला ग्रामपंचायतीकडून मागून सोबत आणावा. बायकांच्या आघाडीने मिश्रीचा आणि दाढदुखीचा विचार वेगळ्या बसण्यात करावा, पुरुषांसमोर त्या बोलत नाहीत असा अनुभव आहे. सगळ्या तालुक्यांचे आकडे एकत्र करून पुढच्या अंकात छापू आणि तोच अंक घेऊन जिल्हा शल्यचिकित्सकाच्या दारात जाऊ.